यमूताई सशीण आणि शाकारणीचा ठेका

एका जंगलात, जिथं झाडांपेक्षा ठेकेदार जास्त होते, यमूताई नावाची सशीण राहायची. नीट बसा रे. आणि बंड्या, नाकातलं बोट काढ आधी.

यमूताईंना तीन तान्ही पिल्लं. घर गवताचं, छप्पर पार कुजलेलं. मृग तोंडावर आलेला. पिल्लं भिजली तर जगायची नाहीत, हा एकच घोर त्यांच्या जिवाला लागला होता.

आधी सुतारपक्षी आला. म्हणाला, "ताई, वर चढून बघतो. मग काय ते सांगतो."

यमूताईंनी नाक मुरडलं. ज्याला बघावं लागतं त्याला काय डोंबल येतं?

मग आले माकडशेठ. गळ्यात जाडजूड साखळी. खालूनच मान वर केली, केळं सोललं आणि म्हणाले, "बघायचंय काय त्यात? शाकारून टाकू झक्कास! खात्री नसेल तर माझ्या जुन्या गिऱ्हाइकाला विचारा."

यमूताई पडल्या हुशार. लगेच विचारायला गेल्या. गिऱ्हाईक होता बेडूक.

"छप्पर कसं केलंय हो शेठनी?"

"काय सांगू ताई! अख्खा पावसाळा घराबाहेर पाऊल टाकावं लागलं नाही. सगळं सुख घरातच. देवमाणूस!"

हसू नका. यमूताई नाही हसल्या. ठेका देऊन मोकळ्या झाल्या.

छप्पर झालं. वर मोराचं पीससुद्धा खोचलं. मग पाऊस आला आणि छप्पर चुलीवर येऊन बसलं! यमूताईंनी पिल्लं तोंडात धरून एकेक करत झाडाच्या ढोलीत नेली. वाचली हो, थोडक्यात वाचली!

दुसऱ्या दिवशी साळिंदरबाई आल्या. दिवस भरत आलेले, चालताना धाप लागत होती. "यमूताई, बाळाआधी छप्पर करून घ्यायचंय. तुमचे माकडशेठ कसे आहेत?"

यमूताईंना भरून आलं. सांगून टाकावं का? पण मग जंगलभर होणार, एवढी शहाणी यमू, आणि फसली!

त्यांनी कान ताठ केले. "उत्तम हो! डोळे मिटून द्या काम. आम्ही ना, जरा हवापालटाला आलोय इथं."

तात्पर्य : ठेकेदार निवडण्यापूर्वी त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना जरूर विचारावे. त्यांतले निम्मे बेडूक असतात आणि उरलेले अब्रूदार.