खपवून घ्यावयाच्या चुका : दोन-चार

पर्याय क्रमांक सतरामध्ये जे भरलं गेलं ते माझ्याच हातानं भरलं गेलं, हे मी नाकारत नाही. त्यात माझी चूक होती, एवढंच नाकारतो. साहेबांनी सांगितलं तेच, आणि सांगितलं तस्संच मी भरलं. नोकरीत निर्दोषपणाचा याहून मोठा पुरावा नसतो.

मी हेमराज, पर्याय सहायक, भंडारा. जिल्ह्यातल्या कुठल्याही कार्यालयाला संगणकाचा नवा प्रोग्राम चालवायचा असेल, तर तो आधी आमच्या कक्षात 'पारख'समोर उभा राहतो. पारख म्हणजे स्वतः एक प्रोग्रामच. तिचं काम दुसऱ्या प्रोग्रामच्या चुका काढणं. स्वतः काही न करता दुसऱ्याच्या चुका काढायचं काम यंत्राकडे गेलं, म्हणून आमच्याकडची काही ज्येष्ठ मंडळी नाराज आहेत. पण तो विषय वेगळा.

पारखनं किती कडक वागायचं, ते एक्केचाळीस पर्यायांवरून ठरतं. प्रत्येक पर्यायाचा प्रकार ठरलेला असतो. काहींत होय किंवा नाही एवढंच लिहायचं, काहींत अंक, काहींत अक्षरं. अंकाच्या जागी अक्षर घातलं, की पडदा लाल होतो. कोणी काहीच भरलं नाही तर काय धरायचं, तेही आधीच ठरलेलं. त्याला गृहीत मूल्य म्हणतात. हे सगळं माझ्या हिरव्या कापडी वहीत लिहिलेलं आहे आणि त्या वहीला मी कोणाला हात लावू देत नाही.

जुलैच्या सुरुवातीला प्रतिक्षा नावाची मुलगी 'वाटप' नावाचा प्रोग्राम घेऊन आली. पोरगी बपेरा गावची, कंत्राटी, आणि जरा जास्तच हुशार. तलाव घेणाऱ्या मच्छीमार संस्थांपैकी कोणाला किती मत्स्यबीज द्यायचं, ते हा प्रोग्राम ठरवणार आणि चिठ्ठी छापणार. हातानं लिहिलेली चिठ्ठी यंदापासून बंद. चिठ्ठी नाही तर बोटुकली नाही. बोटुकली म्हणजे माशाची बोटाएवढी पिल्लं. ती पावसाळ्यात तलावात सोडली तर उन्हाळ्यात जाळ्यात मासा येतो. नाही सोडली, तर वर्षभर तलावात फक्त पाणी.

तिच्यासोबत पवनीकडच्या एका गावची सखाबाई आली होती. बायकांच्या मच्छीमार संस्थेची अध्यक्ष. एकतीस बायका आणि एक तलाव.

"भाऊ, पोळ्याच्या आत बीज भेटलं पाहिजे," ती म्हणाली. "तलाव भरून राहिला. मागून सोडलं त मच्छी वाढत नाही."

"दोन दिवसांचं काम आहे," मी म्हणालो. आणि खरंच होतं.

अडलं ते सतराव्या पर्यायापाशी. 'खपवून घ्यावयाच्या चुका, जास्तीत जास्त.' प्रकार : अंक. मी साहेबांकडे गेलो. साहेब दिलदार माणूस. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "ठेवा ना दोन-चार. माणसानं लिहिलेला प्रोग्राम आहे, चुका होणारच."

मी येऊन भरलं : २-४.

पडदा लाल. 'अपेक्षित प्रकार : अंक. मिळालेला प्रकार : अक्षरे.'

साहेबांना हे लागलं. "दोन हा अंक आहे का नाही?"

"आहे, साहेब."

"चार?"

"तोही आहे."

"मग दोन-चार काहून अंक नाही? लहानपणापासून म्हणून राहिलो आपण. पाव्हणे दोन-चार येतात, पोळ्या दोन-चार खातो. या मशीनले मराठी येत नाही म्हणून मराठी माणसानं एक आकडा ठरवून बसायचं?"

अस्मितेचा प्रश्न आला की फाईल धावते. ज्या कंपनीनं पारख बसवून दिली, तिला त्याच दुपारी पत्र गेलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या माणसानं नागपुरात बसून सतराव्या पर्यायाचा प्रकार 'अंक' बदलून 'अंक अथवा आकडेमोड' असा केला. मी पुन्हा २-४ भरलं. पडदा हिरवागार. कक्षात चहा झाला. यंत्राला मायबोली शिकवणारा पहिला जिल्हा म्हणून आमचं नाव वर कळवलं गेलं.

मग 'वाटप' पारखसमोर उभा केला. अहवाल असा आला : 'आढळलेल्या चुका : शून्य. मर्यादा : उणे दोन. मर्यादेपेक्षा जादा चुका : दोन. निकाल : नामंजूर.'

प्रतिक्षानं अहवाल दोनदा वाचला आणि कपाळावर हात मारला. "काका, तिनं दोनातून चार वजा केले!"

"अंक अथवा आकडेमोड," मी वही उघडून दाखवलं. "मंजूर प्रकार आहे."

"पण माझ्या प्रोग्राममध्ये एकही चूक नाही ना!"

"तोच तर घोटाळा आहे बाई. शून्य हे उणे दोनपेक्षा मोठं. तुझ्या शून्य चुका दोननं जास्त आहेत."

मग एकदम तिचे डोळे चमकले. "चार-दोन लिहा! आपण चार-दोन पाव्हणेही म्हणतोच की. अर्थ तोच, आणि वजाबाकी बरोबर दोन येते."

खरं सांगतो, मला त्या क्षणी पोरीचं कौतुक वाटलं. हातही संगणकाकडे गेला. पण साहेबांच्या तोंडचे शब्द होते 'दोन-चार'. उद्या कोणी विचारलं, की साहेबांचे शब्द उलटे कोणी केले, तर? मी रीतसर प्रस्ताव केला : 'पर्याय क्र. १७ मधील शब्दक्रम बदलणेबाबत.' साहेबांनी त्यावर 'भाषातज्ज्ञांचा अभिप्राय घ्यावा' असा शेरा मारला. तीन निवृत्त प्राध्यापकांची समिती नेमली गेली.

समितीनं काम अतिशय गांभीर्यानं केलं. त्यात पोळा गेला.

सखाबाई मधल्या काळात तीनदा आली. पहिल्यांदा एकटी, दुसऱ्यांदा शकुबाई नावाच्या म्हातारीला घेऊन. तिसऱ्यांदा आली ती पावसात भिजून, आणि बाकावर न बसता दारातच उभी राहिली.

"भाऊ, केंद्रावर आमच्या नावचं बीज टाक्यात आहे. मी डोयानं पाहून आली. मच्छी आहे, तलाव आहे, पानी आहे. मंग अडून कायले राहिलं?"

"अभिप्राय यायचा आहे."

"कायचा?"

"दोन-चार आणि चार-दोन यांत फरक आहे का, याचा."

ती हसली नाही. "भाऊ, मले विचारा ना," ती म्हणाली. "मी आत्ताच सांगतो."

पण ती तज्ज्ञ नव्हती. मी तिला चहा पाजला. एवढं माझ्या अधिकारात होतं.

सप्टेंबरच्या शेवटी अभिप्राय आला. सव्वीस पानी, विद्वत्तापूर्ण. शेवटची ओळ : 'दोन-चार व चार-दोन हे दोन्ही शब्दप्रयोग पूर्णतः समानार्थी असल्याने, बदल करण्याची कोणतीही आवश्यकता दिसून येत नाही.'

प्रतिक्षानं तो कागद टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "काका, या तीन महिन्यांत पारखनं कोणालाच पास केलं नाही का?"

"केलं ना. एक प्रोग्राम पास झाला."

"उणे दोन चुका असलेला?"

मी वही पाहून सांगितलं. एका ठेकेदारानं रिकामी फाईल पाठवली होती. नाव होतं, आत काही नव्हतं. मोजायलाच काही नसल्यामुळे चुकांची चौकट रिकामी राहिली. आणि चौकट रिकामी राहिली तर निकालाचं गृहीत मूल्य आहे 'मंजूर'. त्या ठेकेदाराचा सत्कारही झाला.

प्रतिक्षा उठली. दुसऱ्या दिवशी तिनंही 'वाटप' नावाची रिकामी फाईल आणून दिली. दोन मिनिटांत मंजूर. मी मनापासून अभिनंदन केलं. म्हटलं, पाहा, पद्धतशीर गेलं की कामं होतात. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं असावं.

रिकाम्या प्रोग्रामनं चिठ्ठी छापली ती अर्थातच कोरी. पण ती मंजूर प्रोग्राममधून निघालेली, वैध, कोरी चिठ्ठी होती. त्यावर हातानं लिहिण्यास बंदी नव्हती. बंदी होती ती हातानं लिहिलेल्या चिठ्ठीवर. साहेबांनी पंधरा दिवस बारकाईनं विचार करून हा फरक मान्य केला. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'बोटुकली, रोहू व कतला.' सही, शिक्का. सखाबाईनं चिठ्ठी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि निघाली. तेव्हा दिवाळी चार दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. चिठ्ठी तशीच.

"भैयालालनं नाही देल्लं," ती म्हणाली.

भैयालाल हा मत्स्यबीज केंद्राचा चौकीदार. मी फोन लावला.

"साहेब, चिठ्ठीत बोटुकली लिहिली आहे," तो म्हणाला. "टाक्यात आता बोटुकली कुठची? चार महिने दाणा खाऊन रोहू हाताएवढी झाली. तुमीच त टरेनिंगमध्ये शिकवलं, प्रकार जुळला नाही त द्यायचं नाही."

मी शिकवलं होतं. त्या प्रशिक्षणात भैयालाल पहिला आला होता. अपेक्षित प्रकार : बोटुकली. मिळालेला प्रकार : मासा. माझ्या नोकरीत पारखचा एखादा नियम इतका अचूक पाळलेला मी पाहिला नव्हता, आणि अभिमान वाटावा की शरम, हे मला खरोखर कळेना.

"आता?" सखाबाईनं विचारलं.

आता म्हणजे तक्रार. तीही संगणकावरच. मी अर्ज उघडला, नाव भरलं, गाव भरलं. पुढचा प्रश्न मोठ्यानं वाचला : "आपली काही तक्रार आहे काय?"

"हव," ती म्हणाली. इतक्या जोरात, की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळली.

मी भरलं : हव. पडदा लाल. 'अपेक्षित : होय किंवा नाही.'

आता हव म्हणजे होय, हे मला ठाऊक आहे. माझी आई हव म्हणते, घरी मीही हवच म्हणतो. पण सांगितलं तस्संच भरायचं, हा माझा चोवीस वर्षांचा नेम. तिचे शब्द मी कोण बदलणार? आणि 'हव' मान्य करायचा तर प्रकार बदलावा लागेल, प्रकार बदलायचा तर प्रस्ताव, प्रस्ताव म्हटला की समिती. त्यापेक्षा मी ती चौकट रिकामी सोडली आणि अर्ज दाखल केला. पोचपावती लगेच निघाली. त्या चौकटीत गृहीत मूल्य छापून आलं होतं : नाही.

सखाबाईला वाचता येत नाही. तिनं पावतीही पदराला बांधली.

केंद्रातले मासे 'प्रकारबाह्य' ठरवून बाजारात काढले गेले. मी रविवारी मासळी बाजारात गेलो, तर एका व्यापाऱ्याच्या ओट्यावर सखाबाई विळीवर बसलेली. तिच्या संस्थेच्या आणखी चार-दोन बायका शेजारी. की दोन-चार? मोजल्या नाहीत. यंदा तलावात काही नाही म्हणून दुसऱ्याचे मासे कापायला आल्या होत्या. मी एक रोहू निवडला. तिनं खवले काढले, तुकडे केले, आणि पिशवी माझ्या हातात देताना म्हणाली, "घ्या भाऊ. तुमचाच आहे हा. तुमीच मोठा केला."

रोहू चवीला उत्तम होता, हे मी खोटं कशाला बोलू? एक काटा तेवढा घशात अडकला. भाताचा गोळा गिळला, गेला.

आता तुम्ही. इथवर वाचलंत, मधेमधे हसलातही असाल. आमच्या पद्धतीप्रमाणे वाचकांसाठी एक चौकट ठेवली आहे : 'वरील प्रकरणी आपण काही करणार आहात काय?' प्रकार : होय किंवा नाही. हातातलं काम टाकून भरायला धावू नका, काही घाई नाही. रिकामी राहिली तरी चालते. तुमचं गृहीत मूल्य माझ्या हिरव्या वहीत आधीच लिहिलेलं आहे, आणि इतक्या वर्षांत ते एकदाही खोडावं लागलेलं नाही.