पाठपोट अपेक्षा

नववी अपेक्षा वाचून मी मान वर केली, तेव्हा हॉलमधले चाळीस लोक पोट धरून हसत होते. हसत नव्हता तो एकच माणूस, आणि अपेक्षा त्याच्याच होत्या.

दिवाळीच्या फराळाचा कार्यक्रम होता, इथे परदेशात, आमच्या सँडीफोर्ड भागातल्या हॉलमध्ये. माझ्या हातात माइक, दुसऱ्या हातात कागद. समोर खांबेटे मास्तर अर्धी चकली धरून उभे. ती त्यांनी खाल्ली नाही आणि ठेवलीही नाही. तशीच धरून म्हणाले, "काकू, हा कागद लग्नाचा आहे, हे कशावरून?"

त्यांच्या शेजारी नोराबाई उभ्या होत्या. मास्तर ज्या कॉलेजात शिकवतात तिथल्या त्या वरिष्ठ. मास्तरांचा वर्ग पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, ते या बाईंच्या हातात होतं. हा माणूस चारचौघांसारखा आहे, त्यालाही ओळखीपाळखी आहेत, हे दिसावं म्हणून मास्तरांनी त्यांना मुद्दाम फराळाला बोलावलं होतं. त्यांनी विचारलं, सगळे का हसतायत? इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी लगेच इंग्रजीत सांगितलं, की मास्तर बायको शोधतायत आणि या त्यांच्या अटी आहेत.

"फेअर प्ले टू हिम," नोराबाई म्हणाल्या. म्हणजे शाबास त्याची. मास्तरांचे कान लाल झाले.

चूक माझी होती. पण ती का झाली ते ऐका.

खांबेटे मास्तर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. वय पंचावन्नच्या पुढे, एकटे. नाव विश्वास, आणि विश्वास कशावरच नाही. त्यांच्या तोंडात एकच शब्द, "कशावरून?" तुम्ही म्हणा, आज पाऊस येणार. कशावरून? फोनमध्ये सत्तर टक्के दाखवतोय. सत्तर टक्के म्हणजे दिवसातला सत्तर टक्के वेळ, की गावातल्या सत्तर टक्के डोक्यांवर? तोवर आपण भिजलेले असतो. साबणाच्या बाटलीवर नव्याण्णव टक्के जंतू मरतात असं लिहिलेलं होतं, तर दुकानात उभं राहून मला विचारतात, "काकू, मेलेले मोजले कुणी? आणि उरलेला एक टक्का आत्ता कुठे आहे?" मी त्या दिवशी साबण घेतलाच नाही.

मीही मूळची संशयी. सहा वर्षांपूर्वी मुलाकडे राहायला आले त्या आठवड्यातच मी या माणसाला लिफ्टमध्ये पाहिलं. काखेत वजनकाटा. दार बंद झाल्यावर त्यांनी तो खाली ठेवला, त्यावर उभे राहिले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी कोपऱ्यात पिशवी छातीशी धरून उभी. तिसरा मजला आला तसे माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "वर जाताना माझं वजन वाढतं." मी घरात शिरून पहिली दाराची साखळी लावली आणि सुनेला, मेघनाला, सांगितलं की समोरचा माणूस एक तर वेडा आहे नाहीतर कुणीतरी पाळतीवर ठेवलाय.

"आई, ते मॅथ्सचे प्रोफेसर आहेत," मेघना म्हणाली.

"कशावरून?" असं मीच विचारलं. त्यांचा शब्द मला अजून ठाऊकही नव्हता.

मास्तर गणित शिकवतात, पण गणितवाल्या पोरांना नाही. इतिहास, नाटक, चित्रकला असलं शिकणाऱ्यांनाही इथे एक गणिताचा विषय घेता येतो, सगळ्यातलं थोडं थोडं. मतं कशी मोजायची, शक्यता म्हणजे काय, पोस्टमनने एकाच रस्त्यावर दोनदा न जाता सगळी घरं कशी करायची. ही पोरं गणिताला भिऊनच तिकडे गेलेली. त्यांच्यासमोर हे मास्तर. एखादी पोर घाबरत घाबरत "बारा" म्हणाली की हे विचारणार, "हाउ डू यू नो?" तिला वाटतं चुकलं. खरं तर बाराच बरोबर असतं. पोरांनी नोराबाईंकडे तक्रार केली, की हा माणूस आम्हाला चोर समजतो. सव्वीस जण होते, दिवाळीपर्यंत अकरा उरले. नोराबाईंनी सांगितलं होतं, ख्रिसमसनंतर बारा नावं नसतील तर वर्ग बंद. वर्ग बंद झाला की मास्तरांचं तिथलं कामही संपणार.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळला तो डबा.

मी एकदा त्यांना स्टीलच्या डब्यातून बेसनाचे लाडू दिले. डबा रिकामा परत करायचा नाही, हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलेलं असावं. पण त्यात काय घालायचं ते शिकवायचं राहिलं. पहिल्यांदा डबा परत आला तो आत एक कांदा घालून. दुसऱ्यांदा दोन बटाटे. तिसऱ्यांदा, दिवाळीच्या आदल्या दिवशी, डब्यात चार सफरचंदं होती आणि तळाला घडी घातलेला कागद. मराठीत, सुवाच्य अक्षरात. वर लिहिलेलं, 'विश्वास खांबेटे, एम.एस्सी., पीएच.डी.' आणि त्याखाली अधोरेखित, 'अपेक्षा'.

आता तुम्ही सांगा. आपल्याकडे नाव, शिक्षण आणि खाली 'अपेक्षा' असं कोणत्या कागदावर असतं? मी माझ्या तीन नणंदांची आणि एका दिराची लग्नं जुळवलेली आहेत. शंभरभर असले कागद चाळले असतील. मी चष्मा लावला.

'वेळेवर यावे. उशीर झाल्यास कारणे न सांगता आत येऊन बसावे.' बरं. 'पूर्वीचा अनुभव वाईट असल्यास हरकत नाही.' म्हणजे घटस्फोटित चालेल. 'न समजता हो म्हणू नये.' हे मला आवडलं. 'चुकले तरी चालेल, पण लपवू नये. समोरासमोर असताना फोन बाजूला ठेवावा. रोज अर्धा तास द्यावा. एकाच दिवशी सात तास देऊन उपयोग नाही.' पुढे, 'माझे चुकल्यास तोंडावर सांगावे.' आणि नववी, 'सोडून जायचे असल्यास पहिल्या तीन आठवड्यांत जावे. नंतर गेल्यास फार त्रास होतो.'

मी कागद मेघनाला दाखवला. ती म्हणाली, "आई, कुणाच्या पर्सनल गोष्टीत पडू नका." मी म्हटलं, डब्यात घालून माझ्याकडे पाठवलंय, म्हणजे तोंडाने सांगायची लाज वाटतेय. त्यात न कळण्यासारखं काय आहे? उद्या सगळे जमतील, एकदा कानावर घातलं की काम होईल.

ते काम कसं झालं, ते वर सांगितलंच आहे.

हॉलमध्ये मास्तरांनी नोराबाईंना सगळं समजावून सांगितलं, चकलीसकट हातवारे करत. हा वर्गात पहिल्या दिवशी द्यायचा कागद आहे, पोरांकडून काय अपेक्षा आहेत तो. मराठीत का? तर म्हणाले, "इंग्रजीत लिहायला बसलं की मी आपोआप गोड बोलायला लागतो. आधी मराठीत लिहिलं की खोटं काय ते दिसतं." आणि डब्यात कसा गेला? सफरचंदं तळाला घासू नयेत म्हणून हाताला लागला तो कागद त्यांनी अंथरला होता. एवढंच.

नोराबाईंनी ऐकून घेतलं आणि "ग्रँड" म्हणाल्या. इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे, 'बरं' एवढंच. मास्तर आठवडाभर विचारत होते, "ग्रँड म्हणाल्या, पण कशावरून?"

मी त्यांची माफी मागितली नाही. मला ते जमत नाही. कागद परत द्यायचा म्हणून घडी घालायला घेतला, तेव्हा लक्षात आलं की तो पाठपोट लिहिलेला आहे. मागे एकच ओळ होती, दहावी.

'तास संपल्यावर लगेच जाऊ नये. पाच मिनिटे बसावे. विचारण्यासारखे काही नसले तरी चालेल.'

माझ्या मनात संशय आला. मी मेघनाला म्हटलं, पोरांना दिलेला इंग्रजी कागद बघायला मिळेल का? तिने कॉलेजच्या साइटवरून काढून दिला. तिने वाचला, मी बोटांवर मोजलं. नऊ.

"दहावी?"

"नाही आई. नऊच आहेत."

मी दोनदा मोजायला लावलं. नऊच. मग मी कागद परत दिला नाही. माझ्या कपाटात, ज्याला इथे प्रेस म्हणतात, तिथे साड्यांखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांचं दार वाजवलं. "मास्तर, तुमच्या वर्गात माझ्या वयाचं माणूस बसू शकतं का?"

"नाव नोंदवलं तर बसू शकतं. पण यादीत धरायचं तर परीक्षा द्यावी लागते."

"मी चौथी पास आहे."

"चालेल."

मला शंका आलीच. "बारा नावं भरायला म्हणून घेताय. मग शेवटी फुकट पास करणार मला."

"छे. नापास करीन," ते म्हणाले. हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की माझी खात्री पटली. अर्ज मेघनाने भरला. ती म्हणाली, "आई, तुम्हाला इंग्रजी कळणार नाही." मी म्हटलं, त्या पोरांना तरी कुठे गणित कळतंय?

जानेवारीत मी ट्रामने कॉलेजात गेले. स्वेटर, कोट, पिशवीत डबा. शेजारी हिरव्या केसांची एक पोर. तिने मला विचारलं, तू त्यांची आई का? मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "हाउ डू यू नो?" तिने तोंडावर हात ठेवला आणि बाकावर वाकून हसली. मग पुढची दोघं हसली. मास्तर फळ्यापाशी होते, त्यांना कळेना काय झालं. त्या दिवसापासून पोरांनी तो प्रश्न एकमेकांना विचारायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, भूक लागली, की बाकीचे, हाउ डू यू नो? वर्गात आवाज वाढला. मास्तरांना वाटलं, आपल्याविरुद्ध काहीतरी शिजतंय. मी त्यांना सांगितलं नाही. थोडा संशय असू दे.

पहिला तास संपला. अकरा पोरं उठली आणि दारातून गेली. मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.

मास्तर फळा पुसत होते. मागे वळून म्हणाले, "काकू, ट्राम चुकेल."

"चुकू दे."

"काही विचारायचंय का?"

"नाही."

त्यांनी डस्टर ठेवलं, परत उचललं, आणि पुसलेलाच फळा परत पुसायला घेतला. पाठ माझ्याकडे होती. "तुम्ही कागद उलटून पाहिलात," म्हणाले. त्या वाक्याला त्यांनी 'कशावरून' जोडलं नाही. सहा वर्षांत मी हे पहिल्यांदा ऐकलं.

"पाहिला. पोरांच्या कागदावर ती ओळ का नाही?"

"ती मागायची नसते." मग फळ्याचा कोपरा पुसत, "मी फळा दोनदा पुसतो, काकू. कुणी थांबलं तर आपण तिथे असावं म्हणून. एकवीस वर्षं झाली, रोज दोनदा."

"मग? थांबलं का कुणी?"

"आजपर्यंत नाही."

मी डबा काढला. आम्ही एकेक लाडू खाल्ला. बोलण्यासारखं काही नव्हतं, बोललोही नाही. मास्तरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पाच मिनिटं झाली."

"कशावरून?" मी म्हटलं. "माझ्या घड्याळात तीनच झालीत."

ते बसले.

मे महिन्यात परीक्षा झाली. एक प्रश्न असा होता, की या लिफ्टमध्ये आठ माणसं मावतात असं लिहिलंय. ते खरं की खोटं, आणि कशावरून. मी मराठीत लिहिलं, 'मावत नाहीत. बाळाची गाडी असली तर तीन. मी रोज बघते.' त्याला मला पुरे गुण मिळाले. बाकीच्या पानांवर मास्तरांनी लाल शाईत लिहिलं होतं, 'लपवले नाही, हे बरे केले.' शंभरात एकोणतीस.

नोराबाईंनी पुढच्या वर्षाच्या यादीत वर्ग ठेवला. मास्तर मला त्या यादीचा कागद दाखवायला आले, डब्यात घालून, वर एक कांदा ठेवून.

बारा जणांचा तो वर्ग शेवटपर्यंत चालला. त्यात नापास एकच झालं, आणि तास संपल्यावर रोज बसून राहणारंही तेच. यमुना जाधव, चौथी पास, वय चौऱ्याहत्तर.