शिवणीत गेलेले दोन डोंगर

ही हकीकत तुम्हाला पटणार नाही. आजवर एकालाही पटलेली नाही. एका शिंप्यानं दोन अख्खे डोंगर, एक घाटरस्ता आणि माणसांनी भरलेलं एक गाव अर्ध्या तासात गायब केलं, तेही जेवायला बसायच्या आधी, असं सांगितलं की लोक हसतात आणि मग माझ्या वयाकडे बघून गप्प बसतात. पण घडलं ते घडलं. शिंपी माझ्या ओळखीतला होता. चांगल्या ओळखीतला.

त्याचं असं झालं, शिंप्याच्या बायकोला तिच्या थोरल्या बहिणीचं पत्र आलं. बहीण दूरच्या डोंगराळ मुलुखात राहायची. 'लेकाकडे चाललेय, समुद्रापलीकडे, आता कायमची. शनिवारी दुपारी दोनची बस आहे. त्याआधी येऊन भेटून जा. अकरा वर्षं झाली गं तुला बघून. तळ्याच्या शहरापासून पुढे सात तास लागतात, तेवढं लक्षात ठेव.' पत्रासोबत त्या मुलुखाचा घडीचा नकाशा होता. बायकोनं पत्र तीनदा वाचलं, नकाशा पाच वेळा उलगडला, आणि सहाव्या खेपेला तो मधल्या घडीवर उभा फाटला.

"चिकटपट्टी लावूया का?" ती म्हणाली.

"शिंप्याच्या घरात चिकटपट्टी?" शिंप्यानं कपाळाला हात लावला. "गिऱ्हाइकं काय म्हणतील? आण इकडे."

त्यानं दोन्ही तुकडे तोंडाला तोंड लावून जुळवले. प्रत्येकाची कड अर्धा इंच आत घेतली, कारण तेवढी दाबल्याशिवाय शिवण टिकत नाही हे त्याच्या वडिलांनी त्याला लाकडी पट्टीनं शिकवलं होतं. मग मशीन मारली, उलटून वरून दुहेरी टीप घातली आणि इस्त्री फिरवली.

"हा नकाशा आता आपल्यानंतरही टिकेल," तो म्हणाला.

नकाशा टिकला, यात वाद नाही. फक्त मुलूख मधोमध एक इंचानं आखडला. कापडाचं ठीक असतं, सदऱ्यात अर्धा इंच आत गेला म्हणून कोणी बेघर होत नाही. इथं अख्खं गाव आत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिंप्यानं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि गळ्यातली टेप काढली. "तळ्याच्या शहरापासून ताईच्या गावापलीकडे जो रस्ता आहे, तिथपर्यंत पाऊण इंच. म्हणजे दीड तास."

"ताईनं सात तास लिहिलेत."

"तुझ्या ताईला राईचा पर्वत करायची सवयच आहे."

आणि यानं पर्वताची राई केली होती, त्याचं काही नाही!

"पण तिचं गाव कुठंय? सापडत नाहीये."

"लहानसं असेल. छापणाऱ्यानं गाळलं असेल."

"अहो, हजार घरांचं गाव आहे!"

"मग डोळे तपासून घे."

बायकोनं ताईचं पत्र उघडून 'सात तास' या शब्दांवर बोट ठेवलं. पण टेप हातात असली की शिंप्याला बाकी काही दिसत नसे.

प्रवास दीड तासाचा ठरला म्हटल्यावर शनिवारची सकाळ मोकळी झाली. मग शिंपी खुलला. त्या मुलुखात म्हणे दर खोऱ्याची भाषा वेगळी, गाणं वेगळं आणि अंगरखाही वेगळा. एका खोऱ्यात गुंड्या डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, तिसऱ्यात गुंड्याच नाहीत, नुसते बंद. आणि चौथ्या खोऱ्यातले लोक बाकीच्या तिघांना हसतात. चारही खोऱ्यांची माणसं शनिवारी तळ्याकाठच्या बाजारात उतरतात. "बाजार बघू, बाह्या कशा बसवतात ते बघू, मग आरामात ताईकडे," शिंप्यानं जाहीर केलं.

तेवढ्यात भूगोलाचे निवृत्त गुरुजी कोटाचं माप बघायला आले. मंगळवारी त्यांच्या मुलीचं लग्न होतं. कोटाची एक बाही अंगात टाचलेली आणि दुसरी शिंप्याच्या हातात, अशा अवस्थेत त्यांची नजर नकाशावर गेली.

"शिंपीदादा, ही नदी इथवर येते… आणि इथून पुढं तिची रेल्वे होते."

"म्हणजे चूक आहे का काही?" शिंप्यानं बाही जराशी मागं घेतली.

गुरुजींनी बाहीकडे पाहिलं. "छे, छे! नदी भूमिगत होत असावी. अन् रेल्वे बोगद्यातून वर येत असावी. निसर्गाचा चमत्कार!"

"ऐकलंस?" शिंपी बायकोला म्हणाला. "गुरुजी सांगतायत."

गुरुजी घरी जाता जाता हा चमत्कार चौघांना सांगून गेले. चौथ्याला सांगेपर्यंत त्यांना तो स्वतःलाच पटला होता. संध्याकाळी ते परत आले. "दादा, मीही येतो. चाळीस वर्षं शिकवलं, पण असली नदी बघायची राहून गेली."

आता गाडी ठरवणं आलं. ड्रायव्हर आला, त्यानं गावाचं नाव ऐकलं आणि म्हणाला, "काका, तिकडं मी गेलोय. मध्ये दोन घाट आहेत. पहाटेच निघायला लागेल."

"घाट? दाखव बघू नकाशात."

ड्रायव्हरनं बोटानं सगळा मुलूख चाचपला, मग डोकं खाजवलं. "इथं तर नाही दिसत. मग मागच्या वर्षी मी दोन दिवस कुठं अडकलो होतो?"

"तेच तर मी विचारतोय!" शिंपी म्हणाला.

शनिवारी सकाळी ते तळ्याच्या शहरात होते. शिंपी बाजारात अनोळखी माणसांच्या कॉलरी उलटून बघत फिरला. तिसऱ्या खोऱ्यातल्या एका आजोबांनी तर, माप घेतोय असं समजून, हात वर करून पंधरा मिनिटं उभं राहून दाखवलं. बायको मात्र गाडीच्या पायरीवरून हलली नाही. मांडीवर बहिणीसाठी विणलेली शाल आणि नजर घड्याळावर.

"अहो, दहा वाजले."

"साडेदहाला निघू, बाराला पोचू. दोन तास पोटभर गप्पा मारा."

साडेदहाला निघाले. पावणेअकराला पहिला डोंगर समोर आला. साधासुधा नव्हे. वर चरणाऱ्या मेंढ्यांना ढग समजून खालचे लोक छत्र्या उघडायचे, एवढा उंच!

सगळे गुरुजींकडे बघायला लागले.

"हा…" गुरुजी म्हणाले, "हा नवीन असावा."

पहिला उतरला नाही तोच दुसरा आला. गुरुजींनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि झोपेचं सोंग घेतलं. शिंपी नकाशाला टेप लावत राहिला, जणू चूक डोंगराची होती.

दोन वाजले तेव्हा गाडी दुसऱ्या घाटाच्या मध्यावर होती. बायकोनं घड्याळ पाहिलं आणि मांडीवरच्या शालीची नीट घडी घातली. ती मोडली आणि पुन्हा घातली.

ड्रायव्हर हळूच म्हणाला, "काकू, बस गेली असणार. गाडी फिरवू का?"

"नको," ती म्हणाली. "तिचं बंद दार तरी बघून येते."

शिंप्यानं टेप गुंडाळून खिशात ठेवली. गुरुजींचं घोरणंसुद्धा थांबलं.

गावात पोचायला साडेपाच झाले. गाव होतं, हजार घरांचंच होतं. शेवटच्या घराचं दार सताड उघडं होतं आणि पायरीवर थोरली बहीण निवांत वाटाणे सोलत बसली होती.

"ताई! बस गेली नाही?"

"बस उद्या आहे."

"पत्रात तर शनिवार लिहिलं होतंस!"

"मग काय लिहिणार?" ताईनं शेंग मोडली. "शिंप्याला कोणी खरी तारीख सांगतं का गं? लग्न पाच तारखेला असलं की तीन सांगायची, तेव्हा कुठं कपडे वेळेवर मिळतात. या भाऊजी, बसा. माझ्या हिशेबानं तुम्ही लवकरच आलात."

मग दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वाटाणे सगळ्या अंगणभर झाले. ते वेचायचं काम गुरुजींनी आपण होऊन अंगावर घेतलं.

आणि शिंप्यानं काय केलं म्हणता? तो मर्दासारखा पुढं झाला. सगळ्यांसमोर नकाशा पसरला, स्वतःच्या हातानं शिवण उसवली, आतले दोन्ही डोंगर आणि ते गाव मोकळं केलं आणि भरल्या गळ्यानं म्हणाला, "चूक माझी. छापणाऱ्याची नाही, गुरुजींची नाही, माझी एकट्याची." ते ऐकून ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आलं, ताईच्या आलं, शेजारच्या घरातली माणसं रडत रडत बाहेर—

"खोटं! साफ खोटं!"

दुकानाच्या कोपऱ्यात काज करत बसलेल्या बाईंनी सुई खाली ठेवली होती.

"शिवण मी उसवली, ताईच्या कात्रीनं. आणि तेव्हा तुम्ही काय म्हणालात? 'बघ, उसवायलासुद्धा तास लागला, किती मजबूत शिवलं होतं!' चूक कबूल केलीत ती आज, पंधरा वर्षांनी. आणि तीसुद्धा कुणा ओळखीतल्या शिंप्याच्या नावावर!"