शालूकाकूंची आवराआवर

शालूकाकू प्रांजलीकडे गेल्या त्या फक्त विरजण मागायला. (विरजण घरात होतं. पण समोरच्या दारामागं सकाळपासून काय चाललंय, हे घरबसल्या कसं कळणार?)

प्रांजली लॅपटॉपला चिकटलेली. खेड्यातून सिडकोत राहायला आलेल्या बायकांना शेजार कसा वाटतो, यावर तिची पीएचडी होती. दुपारी सरांना सगळं दाखवायचं होतं. आज हुकलं की गाडी पुढच्या वर्षावर.

"हे सॉफ्टवेअर बघा काकू. मुलाखतीतलं बोलणं निवडायचं, त्याला नाव द्यायचं. 'आधार', 'जाच', 'उसनवारी'. मग एका नावाचं सगळं एका जागी दिसतं."

"म्हंजे मसाल्याचे डबेच की गं!"

"तसंच समजा. मी खालून दूध घेऊन येते. मांजर कीबोर्डवर बसतंय, तेवढं बघा."

मांजर काही आलं नाही. काकूंनी 'आधार' उघडलं. पहिलीच ओळ: 'ती शेजारीण न विचारता घरात घुसती, फ्रिज बी उघडून बघती...' पुढची टिंबं कोण वाचत बसतंय? 'जाच' उघडलं, तर तिथंही हीच ओळ! काकूंचा जीव कळवळला. एवढी शिकलेली पोर, अन् एकच जिन्नस दोन डब्यांत? आणि असल्या बाईचा कसला आलाय आधार! त्यांनी तिला 'आधार'मधून उडवलं. मग हुरूपच चढला. जे जे दोन जागी दिसलं, ते 'आधार'मधून साफ.

"काकू, 'आधार' रिकामं कसं?" दुधाची पिशवी हातातच धरून प्रांजली किंचाळली.

"आवरलं बाई! लई पसारा करून ठिवला होतास."

प्रांजलीनं पिशवी टेबलावर टाकली. "अहो, एकाच बोलण्यात दोन्ही असतं! तेच तर माझं सगळं संशोधन!"

प्रांजली 'अनडू' दाबत सुटली, काकू भद्रा मारुतीला नारळ बोलत सुटल्या. एकेक ओळ परत येऊ लागली.

"आली! ही बी आली! सगळ्या आल्या गं माय!"

दोघींनी घाम पुसला. धीर आल्याबरोबर काकू म्हणाल्या, "पण ही फ्रिजवाली बया काढच. ही काय आधार देणार?"

प्रांजलीनं ती ओळ पूर्ण उघडली. '...पण मला कळा आल्या तवा हीच गाऊनवर रिक्षात बसली, अन् दवाखान्यात शिपायाला दम देऊन मला आत नेलं.'

काकूंनी परत वाचलं. गाऊन... शिपाई...

"अगं, ही तर मीच!"

प्रांजलीनं दुधाची पिशवी उचलली.

"राहू दे, दोन्ही डब्यांत राहू दे," काकूंनी भला मोठा सुस्कारा सोडला. (नुसत्या 'जाचा'त पडल्या असत्या, आणि तेही स्वतःच्या हातानं!) "पण बोललं कोण गं हे?" गाऊनवर त्यांनी बिल्डिंगमधल्या चौघींना दवाखान्यात नेलं होतं.

"नाव नाही सांगता येत, काकू. नियम आहे."

"नको सांगू बाई. नियम तुला हाय," काकू उठत म्हणाल्या. "मी चौघींच्या घरात जाऊन विचारते की!"