बापूंचं एक बोट

आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये बापू राण्यांनी आजवर किती फलंदाज बाद केले, ते त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही. बापू खेळत नाहीत आणि अंपायरही नाहीत. ते फक्त भाजी आणायला तिथून जातात. जाताना उजवा हात पोटापुढे, स्टिअरिंगवर ठेवल्यासारखा धरतात आणि समोर येईल त्याला त्या हाताचं पहिलं बोट वर करतात.

गोलंदाज ओरडतो, "बापूंनी आउट दिला!"

फलंदाज वैतागतो. "बापू, बोट खिशात ठेवा ना."

"अरे, नमस्कार होता तो. आमच्या व्हॅलीत असाच करतात."

लालबागमध्ये व्हॅली कुठून आली, हा प्रश्न मलाही पडला होता. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. परळला नोकरी लागली आणि जुन्या चाळीच्या जागी झालेल्या या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर भाड्याने घर मिळालं, याचंच मला अप्रूप. समोरचं दार बापूंचं. बायको वारलेली, एकुलती लेक अमेरिकेत. तीही मोठ्या शहरात नाही. मका पिकवणाऱ्या मुलखात, दोन टेकड्यांच्या मधल्या नदीकाठी एक छोटं गाव आहे, तिथे. जन्मभर मुंबईत बस चालवलेले बापू निवृत्तीनंतर तिच्याकडे राहून आले. राहून आले म्हणजे शरीराने आले, एवढंच.

लिफ्टमध्ये भेटले की तळमजल्यापासून अकराव्यापर्यंत मला त्या गावाचा एकेक तुकडा मिळे.

"अख्खा गाव आपल्या टॉवरात मावेल गो. वरचे चार मजले रिकामे राहतील."

"सकाळी धुकं दरीत भरतं, पातेल्यात दूध भरावं तसं. मग धान्याच्या कोठारांची नुसती डोकी दिसतात."

"सिग्नल एकच. रात्री तोपण नुसता डोळा मारत बसतो."

"घराला कुलूप नाय. पण उन्हाळा संपताना गाडी लॉक करतात. का सांग? उघडी ठेवली तर शेजारी आत दुधीएवढ्या काकड्या टाकून जातो. त्यांच्याकडे संपत नाहीत ना."

मी आ वासून ऐकायची. आमच्या तालुक्याच्या गावालाही नदी आहे, पण तिच्याकडे मी कधी असं पाहिलं नव्हतं.

आणि ते बोट. त्या गावात समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट उचलतो. बास, तोच नमस्कार.

"ओळख नसली तरी?" मी विचारलं.

"ओळख असली तर दोन बोटं." मग स्वतःच्या बोटाकडे बघत म्हणाले, "आपल्याकडे बससमोर हात वर झाला की एक तर बस थांबवायची, नायतर शिवी खायची. तिकडे कोणाला माझ्याकडून कायच नको होतं गो."

लालबागला मात्र हे झेपलं नाही. टॅक्सी थांबते. "किधर जाना है?" बापू म्हणतात, "किधर नहीं. खाली नमस्ते." टॅक्सीवाला जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. चहावाला बोट बघून एक कटिंग आणून देतो आणि बापूंना ते प्यावं लागतं. दुसऱ्या मजल्यावरच्या परबकाकी तर तोंडावर म्हणतात, "एवढा गोड लागता तुमका, तर जावा ना कायमचे."

लेकीचाही तोच धोशा होता. बापूंचं उत्तर ठरलेलं. "मग हिकडची ड्यूटी कोण करील?"

निवृत्त माणसाची कसली ड्यूटी, म्हणून सगळे हसत. मीही हसले होते.

आमच्या मजल्यावर दिवसा एकच दार उघडं असतं, बापूंचं. मी कामावर निघताना ते दारात खुर्ची टाकून बसलेले असत. ते बोट उचलत, मी चप्पल अडकवता अडकवता उचलायची. गेल्या पावसाळ्यात मी तापाने पडले. घरी कळवलं नाही; आई-आबा उगाच घाबरले असते. तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात बापू, हातात पेजेचा डबा.

"दोन दिवस बोट दिसलं नाय तुझं."

डॉक्टर त्यांनीच आणला. मग खुर्ची माझ्या उंबऱ्याशी ओढून बसले आणि लिफ्टमध्ये कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली.

तिकडे लेक कामाला गेली की ते ओसरीवर खुर्ची टाकून बसत. इंग्रजी येत नसे. एक हिरव्या टोपीचा म्हातारा शेतकरी रोज गाडीतून जाताना बोट उचलायचा, बापूही उचलत. दोघांत कधी एक शब्द झाला नाही. मक्याच्या कापणीच्या दिवसांत ती गाडी यायची थांबली. लेकीने चौकशी केली, तर म्हातारा वारला होता. अंत्यविधीला चर्चमध्ये सारं गाव आपापल्या घरून काहीतरी रांधून घेऊन आलं होतं. लेकीने शिरा नेला, सोबत बापू गेले. म्हाताऱ्याच्या बायकोने बापूंचा हात हातात घेतला आणि काहीतरी बोलली. लेकीने मराठीत सांगितलं, "ते रोज रात्री जेवताना हिला सांगायचे, खुर्चीतला माणूस आज बरा दिसला."



"बायको गेल्यापासून जेवताना माझं नाव कोण काढत असेल, असं वाटलं नव्हतं गो. आणि तिकडे, कुठच्या कुठे, एका घरात रोज माझी खबर जात होती." त्यांनी मजल्यावरच्या बंद दारांवरून नजर फिरवली. "लेकीला सांगितलं, मी हिकडेच बरा. पी ती पेज, गार होतेय."

त्या रात्री मी आईला फोन करून सगळं सांगितलं, तापासकट.

आईने बापूंना अजून पाहिलेलं नाही. पण आता रोज रात्री पानं घेताना तिचा फोन येतो. मी जेवले का, हे ती नंतर विचारते. आधी विचारते, "आज बोट दिसलं का?"

"दिसलं."

मग फोन तसाच हातात धरून ती आबांना सांगते, "अहो, बापू बरे आहेत."

आणि लांबून आबांचा आवाज येतो, "बरं झालं. वाढ आता."