तुरटीवाले रतिलालकाका

रतिलालकाकांनी "चहा घ्याल का?" असं विचारलं, तर तोंडासाठी की पायांसाठी, हे आधी विचारून घ्यावं. बियाणं विकायला आलेल्या एका साहेबांनी ते विचारलं नाही. "चालेल" म्हणाले. काकांनी गार केलेल्या काळ्या चहाचं घमेलं आणून त्यांच्यापुढे ठेवलं. "बूट काढा साहेब, पाय बुडाडा." बिचारे बराच वेळ पाय बुडवून बसले आणि बियाणं न विकताच गेले.

लोणखेड्यात त्यांचं घर आमच्या समोरच. केळी-उसाची शेती. लग्न केलेलं नाही, धाकट्या भावाच्या कुटुंबात राहतात. भावाची मुलगी वैशाली त्यांच्याच खांद्यावर वाढली. उभ्या आयुष्यात त्यांना शत्रू एकच, पायांचा वास. लोकांच्या खिशात तंबाखूची पुडी असते, काकांच्या खिशात तुरटीचा खडा.

मी कॉलेजात शिकवतो, म्हणजे दिवसभर बुटात. एकदा त्यांच्या ओट्यावर टेकलो, तर काकांनी नाक वर केलं.

"सर, कालदिनना मोजा आज घालेल शेतस ना?"

खरंच होतं, मोजे कालचेच होते. पावडर टाकतो, असं मी पुटपुटलो.

"पावडरवरी वास दबस, मरत नही!"

मग मला दीक्षा मिळाली. पाय साबणानं धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मोजे सुती आणि रोज धुतलेले, आज घातलेला बूट उद्या उन्हात. "बोटेसमा ओल ऱ्हायनी, की वास उनाच." बेचकीतली कातडी पांढरी पडून खाजत असेल, तर मात्र काका तुरटी न देता थेट दवाखान्यात पिटाळायचे. स्वतःच्या पायांचा अभिमान असा, की भर बैठकीत तळवा पुढे करून म्हणायचे, "ल्या, वास ल्या!" आजवर कुणी घेतला नाही, ही गोष्ट वेगळी.

या अभिमानापायी वैशालीचं एक स्थळ हातचं गेलं. पाहुणे दारात येतात तोच काकांनी मुलाच्या वडलांना विचारलं, "पाय धोयात का?" ते चहासुद्धा न घेता निघून गेले.

त्यामुळे नंदुरबारचं स्थळ आलं, तेव्हा भावानं सकाळीच हात जोडले. "दादा, आज पायनं नाव लेवानं नही." काकांनी मान डोलावली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसले. मलाही बोलावणं होतं, बहुधा काकांवर लक्ष ठेवायला.

मुलगा सुरतेला नोकरीला. भर उन्हाळ्यात थेट तिकडून आलेला, नवे कातडी बूट घालून. दारात तो घुटमळला, पण सगळ्यांनी चपला काढलेल्या. त्यानं बूट काढले.

दोन मिनिटांत वास बैठकभर पसरला. मुलाच्या आत्यानं पदर नाकाला लावला. आत मुली फिसकन हसल्या. मुलगा लालबुंद होऊन पाय खुर्चीखाली ओढत होता. आणि आम्ही सगळे काकांकडे बघत होतो. भाऊ तर मानेनंच नाही-नाही करत होता.

काका उठले.

"माफ करा पावनासहोन," ते म्हणाले, "हाऊ वास मन्हा पायस्ना शे. मळामाईन तसाच उनू."

मळ्यातून म्हणे, आणि सकाळपासून ते खुर्चीतच होते! काका मुलाकडे वळले. "पावना, जरासा हापसा मारी द्या. माले एकल्याले जमत नही."

दोघं मागच्या अंगणात गेले. मी खिडकीतून पाहिलं. मुलगा पँट दुमडून हापशाखाली उभा होता, पाणी काकाच ओढत होते. मग काकांनी खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातात दिला आणि बेचकीकडे बोट दाखवलं.

वैशालीनं होकार दिला.

लग्नात जेवणाआधी आम्ही मंडपात बसलो होतो. मुलाची आत्या काकांच्या शेजारच्या खुर्चीपाशी आली, त्यांना ओळखलं, आणि पदर नाकाशी नेत तशीच घुटमळली. मला राहवेना. तो वास कुणाचा होता ते सांगायला मी तोंड उघडणार, एवढ्यात काकांनी माझा गुडघा दाबला.

"बसा ताई, बसा," म्हणत ते उठले आणि पार मागच्या रांगेत, एकटेच जाऊन बसले. तिथून नवरानवरी नीट दिसत नव्हती. काका मान उंच करून बघत राहिले.