लुआन गुरुजींचे एकोणीस नकार

"तीन दिवस! फक्त तीन दिवस पाहुणे माझ्या ताब्यात द्या. चौथ्या दिवशी गुरुजी स्वतः म्हणतील, व्याहीबुवा, काढा लग्नाची तारीख!"

मो चांगफूने छातीवर थाप मारून जाहीर केलं. तीस वर्षं युलोंग नदीत बांबूचे तराफे चालवलेला माणूस. थाप चांगली शेजाऱ्यापर्यंत ऐकू गेली. त्याची मुलगी यिनलान चीनच्या उत्तरेकडच्या शानतोंगच्या एका मुलाच्या प्रेमात पडली होती. मुलाचे वडील, निवृत्त शिक्षक लुआन गुरुजी, एकुलतं एक पोर घरजावई म्हणून इतक्या दूर दक्षिणेला पाठवायला राजी नव्हते. म्हणून आता ते पत्नीसह यांगश्वोला घर बघायला येत होते. लग्न जमणार की मोडणार, ते या तीन दिवसांवर होतं.

"बाबा, त्यांना अंगणात बसवा, चहा द्या, पुरे," यिनलान म्हणाली.

"चहा शानतोंगातही मिळतो! लोक यांगश्वोला काय चहा प्यायला येतात?"

पहिल्या दिवशी सायकली निघाल्या. गुरुजी म्हणाले, "नको." मग म्हणाले, "खरंच नको." मग म्हणाले, "कशाला उगाच त्रास!" आता यांगश्वोतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की भला पाहुणा तीनदा नको म्हणतो. पहिल्यांदाच हो म्हणणारा हावरट, आणि तीन नकारांवर गप्प बसणारा यजमान चिक्कू! चांगफूने चौथ्यांदा आग्रह करून सायकल त्यांच्या हातात दिली. दोन तास गुरुजी पडत-उठत कसेबसे रस्त्यावर राहिले. शेवटी भातखाचरात गुरुजी खाली आणि सायकल वर, अशी स्थिती झाली.

"मजा आली ना?"

"फार!" गुरुजी तोंडातला चिखल थुंकत म्हणाले. पाहुण्याने दुसरं म्हणायचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी तराफा. या वेळी गुरुजी पाचदा नको म्हणाले, पाचव्यांदा तर हात जोडून! चांगफूला गहिवरून आलं. त्याने गुरुजींना उचलूनच तराफ्यावर बसवलं आणि एकामागून एक बंधाऱ्यांवरून धडाधड खाली नेलं.

"पाच नकार!" घरी येऊन तो बायकोला म्हणाला. "याला म्हणतात संस्कार! नाहीतर आपली माणसं, दोनातच आटपतात."

"अहो, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता," शियांग म्हणाली.

"उत्तरेकडची माणसं गोरीच असतात!"

तिसऱ्या दिवशी कडा चढायचा होता. दोर तयार होते, दोर धरणाऱ्या दोन दणकट बाया तयार होत्या. गुरुजी अकरा वेळा नको म्हणाले. चांगफूने भक्तिभावाने मोजले! मग गुरुजींनी घाम पुसला आणि म्हणाले, "बरं. पण आधी यजमान!"

चांगफू दोन पावलं मागे सरला. पाण्यात तो बदक होता, पण घरातला दिवा बदलायला स्टुलावर चढायचं तरी शियांगला स्टूल धरावं लागे.

"नको, मी नको!"

"असं कसं? तुमचा मान!"

"खरंच नको हो!"

"छे छे, यजमानाशिवाय शोभा नाही!"

चांगफूचा तिसरा नकारही झाला आणि गुरुजींनी स्वतःच्या हातांनी त्याच्या कमरेला पट्टा बांधला. पुढच्या पाच मिनिटांत दोघेही शेजारी शेजारी, पंधरा फुटांवर, भिंतीवरच्या पालीसारखे कड्याला चिकटले होते. वर जाववेना, खाली बघवेना.

"गुरुजी... मजा येतेय ना?"

"चांगफू, खरं सांगू? मला सायकल येत नाही."

"काय?"

"पोहताही येत नाही. काल तराफ्यावर मी सात पिढ्यांच्या पूर्वजांना हाका मारत होतो."

"अहो, मग नको म्हणायचं ना!"

"एकोणीस वेळा म्हणालो!"

चांगफूला रडू की हसू कळेना. "आणि तरी आलात?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने बोलावत होता! माझ्या सख्ख्या भावानेही मला कधी चौथ्यांदा आग्रह केला नाही." गुरुजींनी कड्याला आणखी घट्ट मिठी मारली. "जो परक्यासाठी एवढी धडपड करतो, तो माझ्या पोराला परकं वाटू देणार नाही. काढा तारीख! पण आधी मला खाली काढा!"

दोघांना खाली उतरवलं तेव्हा दोन्ही विहिणी झाडाखाली बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होत्या.

"तारीख?" शियांग म्हणाली. "ती आम्ही परवाच ठरवली. तुम्ही भातखाचरात होता तेव्हा. चहा पिता पिता."

झालं! लग्नाचं घोडं गंगेत, म्हणजे युलोंगमध्ये, न्हालं. संध्याकाळी अंगणात बिअरमध्ये शिजवलेला मासा आला. दोघे व्याही खुर्च्यांना टेकून बसले, दोघांचेही पाय जमिनीवर घट्ट. एवढ्यात यिनलान आली, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"बाबा, तुम्हा दोघांना ही साहसं एवढी आवडतात, म्हणून आम्ही एक गंमत ठरवलीय! लग्न गरम हवेच्या फुग्यात! खाली सगळे डोंगर, आणि पहिल्या फुग्यात तुम्ही दोघं!"

"नको!" गुरुजी ओरडले.

"नको गं!" चांगफू ओरडला.

"नको, नको!" दोघे एका सुरात म्हणाले.

यिनलानने बोटं मोजली आणि गोड हसली.

"तीन झाले, बाबा," ती म्हणाली, आणि चौथ्यांदा आग्रह करून तिकिटं दोघांच्या हातात ठेवली.